‘डार्क पॅशन प्ले’ आणि दोन गळ्यांचं भांडण

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नाइटविश या फिनलंडच्या हेवी मेटल बँडचा २००७ सालचा ‘डार्क पॅशन प्ले’ हा अल्बम तू आत्ता पहिल्यांदा ऐकलास आणि तुला तो आवडला. पण तुझ्या बँडमधल्या दोघांनी तुला वेड्यात काढलं. एकाचं म्हणणं, तार्या ही आधीची गायिका गेली तिथेच नाइटविश संपला, तिच्या जागी आलेली ही आनेट पॉप गाणारी बाई, तिचं मेटलमध्ये काय काम? दुसऱ्याचं म्हणणं, गाणी बँडच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी, फक्त गळा चुकीचा. त्यात तुमची गायिका, जी सात वर्षं शास्त्रीय शिकली आहे, ती यातलं ‘अ‍ॅमरँथ’ बसवायला कचरते आहे. कोणाचं ऐकायचं, आणि आनेटचा आवाज खरंच हलका आहे का, एवढंच तुला हवं आहे.

एवढंच म्हणता येत नाही रे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी गायिका नाही, साउंडवाली आहे. मामाचा मंडप-स्पीकरचा धंदा होता, तिथे केबल गुंडाळण्यापासून सुरुवात केली, त्याला आता २२ वर्षं झाली. सकाळी नाट्यसंगीताची मैफल आणि रात्री कॉलेजच्या मैदानावर मेटल, असे दिवस पुण्यात मी कितीतरी काढलेत. त्यामुळे तंबोऱ्याजवळचे आणि डबल बेस ड्रमजवळचे, दोन्हीकडचे रुसवेफुगवे मला पाठ आहेत. मी जे सांगणार आहे ते मिक्सरच्या मागे उभं राहून दिसलेलं आहे. समोर बसून ऐकणाऱ्याला ते पटेलच असं नाही.

आधी २००५ बघ, कारण २००७ चा राग तिथून आलाय. २१ ऑक्टोबर २००५ ला हेलसिंकीत नाइटविशचा मोठा कार्यक्रम झाला, ‘वन्स’ अल्बमच्या दौऱ्यातला शेवटचा. तो चित्रित झाला, पुढे डीव्हीडी निघाली. कार्यक्रम संपल्यावर चौघा पुरुषांनी तार्या तुरुनेनच्या हातात पत्र ठेवलं की यापुढे तुझ्याशिवाय. आणि तेच पत्र जाहीरही केलं. नऊ वर्षांचा संसार, किते नावाच्या फिनलंडमधल्या एका लहानशा गावातून १९९६ मध्ये सुरू झालेला, आणि काडीमोड चारचौघांत. चाहत्यांच्या घरातलं भांडण असल्यासारखं झालं ते. कोणी आईकडे, कोणी बापाकडे.

आता ‘डार्क पॅशन प्ले’चं पहिलंच गाणं घे, ‘द पोएट अँड द पेंड्युलम’. जवळजवळ १४ मिनिटांचं. त्यात संगीतकार तुओमास होलोपाइनेन स्वतःचं नाव घेऊन, २००५ हे साल घेऊन, स्वतःचंच मरण जाहीर करतो. दुसरं गाणं ‘बाय बाय ब्यूटिफुल’. कोणाला उद्देशून आहे हे कोणाही चाहत्याला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे नवी गायिका उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली, आणि तिच्या तोंडात पहिल्या अर्ध्या तासात काय दिलं? आधीच्या सुनेबद्दलचं गाऱ्हाणं. तेही ध्रुवपदात बँडचा बेसवाला-गायक मार्को हिएताला ओरडतो आणि कडव्यात हिने गायचं. मला आजही वाटतं की या अल्बमवरचा निम्मा राग या एका निर्णयामुळे ओढवला. आनेटने ते गाणं कसंही गायलं असतं तरी ऐकणाऱ्याला ते तिच्या तोंडी शोभलं नसतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. ‘आनेट नको’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं मत हे आवाजाबद्दलचं मत नव्हतंच. ते सुतक होतं. सुतकात माणूस जे बोलतो ते खोटं नसतं, पण त्यावरून गळ्याची परीक्षा करू नये. आपल्याकडेही संगीत नाटकातले भाऊराव कोल्हटकर, रसिकांचे ‘भावड्या’, १९०१ साली गेले, आणि चार वर्षांनी किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व आले. ‘भावड्या’चा आवाज कानात असलेल्या जुन्या रसिकांनी त्या पोराला पहिल्या दिवशी कौतुकाने डोक्यावर घेतलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, कारण ती ऐकू येत नाही. मापं. या अल्बमची गाणी गायिका ठरण्याआधी रचली गेली. २००६ मध्ये बँडने जाहीर आवाहन करून आवाजाचे नमुने मागवले आणि सुमारे २००० आले असं सांगितलं जातं. गायिका ठरत होती तेव्हा ध्वनिमुद्रणाला सुरुवातसुद्धा झाली होती. स्वीडनच्या आनेट ओल्झोनचं नाव लोकांना कळलं ते २००७ च्या मे महिन्यात, आणि सप्टेंबरात अल्बम दुकानात. ती आली होती ‘अलिसन अ‍ॅव्हेन्यू’ नावाच्या सुरेल रॉक गाणाऱ्या बँडमधून. शिंप्याने कोट आधी शिवला आणि अंगावर घालणारा माणूस नंतर शोधला.

आता आपल्या पद्धतीने विचार कर. आपल्याकडे मैफलीत गायिका येते, पेटीवाल्याला सांगते ‘काळी चार’, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी माझा ‘सा’, आणि सगळं जग काळी चारला मिळतं. तंबोरे मिळतात, तबला मिळतो, पेटीवाला बोटं सरकवतो. पट्टी गळ्याची. मेटलमध्ये नेमकं उलटं. तिथे पट्टी गिटारची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेला बोट न लावता, तळहाताने दाबून जो ‘चग-चग’ आवाज काढतात ना, त्यावर सगळी इमारत उभी असते. ती मोकळी तार ज्या सुरात मिळवलेली, तोच गाण्याचा षड्ज होऊन बसतो. पेटीवर दोन पट्ट्या वर सरकणं म्हणजे बोटांचा खेळ. गिटारवर दोन पट्ट्या वर सरकलात की मोकळी तार हातातून जाते आणि तो मार फुसका होतो. मग कोण झुकणार? गळा. त्यातून नाइटविशने यावेळी लंडनला अ‍ॅबी रोड स्टुडिओत ऑर्केस्ट्रा आणि समूहगान ध्वनिमुद्रित केलेलं. ‘बाईंना जरा खालची पट्टी सोयीची पडेल’ म्हणून ते सगळं पुन्हा वाजवून घेणार का कोणी? माझ्यासारखीने तसं सुचवलं असतं तर दाराबाहेर काढलं असतं.

म्हणून अल्बम ऐकताना मी नेहमी एक प्रयोग सांगते. याची एक आवृत्ती दोन सीडींची निघाली होती, दुसऱ्या सीडीवर हीच गाणी गळ्याशिवाय. ती मिळव. आधी ‘सहारा’ किंवा ‘सेव्हन डेज टू द वुल्व्ह्ज’ नुसत्या वाद्यांवर ऐक आणि स्वतःला विचार, इथे गायला जागा कुठे ठेवली आहे? मला उत्तर असं मिळालं: फारच थोडी. तंतुवाद्यं वर, समूहगान त्याच्या वर, गिटार मधे भिंतीसारखी, आणि ‘या आता, गा’ असं गायिकेला सांगितलेलं. मुंबईत गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये दादरला चढणाऱ्यासारखी जागा. तुझा दुसरा मित्र म्हणतो ‘गाणी मोठी, गळा चुकीचा’. मी म्हणेन, गाणी इतकी मोठी की गळ्याला बसायला खुर्ची उरली नाही.

इथे थोडं शास्त्र घेऊ, कारण ‘ताकद नाही’ हा शब्द फार सैल वापरला जातो.

पाश्चात्त्य शास्त्रीय गायक माईकशिवाय सत्तर-ऐंशी वाद्यांवरून ऐकू येतो, याचं कोडं स्वीडिश संशोधक योहान सुंडबेरी यांनी सोडवलं होतं. ऑर्केस्ट्राची बरीचशी शक्ती ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास असते, आणि वर जाताजाता ती उतरते. ऑपेराचा गायक घशाची पोकळी अशी बसवतो की ३००० हर्ट्झच्या जवळपास त्याच्या आवाजाला एक टेकाड येतं. तिथे वाद्यांची गर्दी कमी, म्हणून आवाज निसटून पुढे येतो. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोला तेवढं टेकाडही लागत नाही, तिचा मूळ सूरच गर्दीच्या वर असतो.

पण मेटलमध्ये ही पळवाट बंद आहे. फाटलेला गिटारचा आवाज ३००० हर्ट्झला उतरत नाही, तिथेच तर तो चावतो. मग तार्यासारखा आवाज त्यातून कसा निघतो? माझ्या कानाला दोन कारणं दिसतात. एक, लांब धरलेले स्वर. भिंतीसमोर एखादी वस्तू बराच वेळ धरली की डोळा तिच्यावर बसतो. दुसरं, सतत चालणारं आंदोलन. गिटार सपाट असते, तिच्यासमोर हलणारा स्वर कान लगेच उचलतो. हीच तार्याची जादू आणि हाच तिचा तोटा. कारण साधारण ७०० हर्ट्झच्या वर कोणीही बाई गेली की ‘अ’ काय नि ‘इ’ काय, ओळखू येईनासे होतात. तो दोष गायिकेचा नाही, तोंडाच्या आकाराचा आहे. जुन्या ‘ओशनबॉर्न’ अल्बमवर कित्येक ओळी हातात कागद घेतल्याशिवाय कोणाला कळल्या असतील तर मला सांग.

आनेटची घडण वेगळी. ती शब्दाला धरून गाते. व्यंजनं स्पष्ट, स्वर सरळ, आंदोलन येतं ते ओळ संपताना. आता गंमत बघ. आपल्याकडची गायिका काळी चारमध्ये तार पंचमाला भिडते तेव्हा तो सूर साधारण ६२० हर्ट्झचा असतो, आणि ती तिथे छातीच्या आवाजाचा भरणा सोडत नाही. सोप्रानोची मजल तिथून कितीतरी वर. म्हणजे मराठी कानाला, अभंग-नाट्यगीतांवर वाढलेल्या कानाला, खरं तर आनेटचा लगाव, म्हणजे आवाज लावण्याची रीत, तार्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटायला हवा. आणि तसा तो वाटतोही. मी माझ्या आईला दोन्ही ऐकवले होते. तार्या ऐकून म्हणाली, ‘देवळात घंटा वाजल्यासारखं वाटतं.’ आनेट ऐकून म्हणाली, ‘ही काहीतरी सांगतेय.’ मेटलचा ‘म’ माहीत नसलेल्या बाईचं याहून नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

पण सांगणाऱ्या आवाजाची एक अडचण असते. त्याला शांतता लागते. ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये आनेटचा सगळा संसार, आणि नेमका तिथेच ऑर्केस्ट्रा ठाण मांडून. त्यामुळे मिक्स करणाऱ्याला तिला वर उचलावं लागतं, दोनदा-तीनदा गाऊन घेऊन थर द्यावे लागतात, आणि मग ऐकणारा म्हणतो, ‘पॉपसारखं झालंय.’ अरे, पॉपसारखं नसतं केलं तर ती ऐकूच आली नसती!

आता मतं कशावर बनली तेही बघू. २००७-०८ ला आपण ही गाणी कशी ऐकली? बहुतेकांनी १२८ केबीपीएसच्या फाइली, कोणीतरी उतरवून सीडीवर जाळलेल्या, संगणकाच्या डबड्या स्पीकरवर. एवढ्या दाबलेल्या फाइलीत सगळ्यात आधी मरतात त्या झांजा आणि ‘स-श’, म्हणजे व्यंजनं. आनेटचं भांडवलच ते. तार्याचे लांब स्वर त्या दाबण्यातून बऱ्यापैकी वाचतात. कोणी मुद्दाम केलं नाही, पण तराजू तिथेच कलला.

त्याहून वाईट म्हणजे मोबाइलवर काढलेले कार्यक्रमाचे तुकडे. त्या काळच्या फोनचा माईक मोठ्या आवाजाला फाटायचा, आतलं यंत्र सगळ्याची पातळी आपोआप वर-खाली करायचं, शेजारचा माणूस बेसूर ओरडत असायचा. त्यातून जो काही आवाज यायचा त्यावरून लोक म्हणायचे, ‘बघ, लाइव्ह जमत नाही.’ आणि तुलना कशाशी? हेलसिंकीच्या त्या डीव्हीडीशी, जी स्टुडिओत बसून नीट मिसळलेली. हे म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो आणि आधार कार्डावरचा फोटो शेजारी ठेवून सौंदर्यस्पर्धा घेण्यासारखं. मी असं म्हणत नाही की आनेटने मंचावर जुनी गाणी नेहमी छान गायली. काही ठिकाणी ती स्पष्ट ओढाताण करत होती, आणि ती ओढाताण चांगल्या ध्वनिमुद्रणातही ऐकू येते. दुसऱ्याच्या गळ्यासाठी, दुसऱ्याच्या पट्टीत बांधलेली दहा वर्षांची गाणी रोज रात्री गायची म्हणजे हे होणारच. पण ‘ओढाताण होते’ आणि ‘जमत नाही’ यात फरक आहे.

माझ्याच अनुभवातलं सांगते. एका कॉलेजच्या महोत्सवात एक मुलगी गात होती, बँड मेटलचा. साउंड चेकची वेळ आयोजकांनी भाषणांत घालवली. दोन्ही गिटारवाल्यांनी अँप कानफाट लावलेले, तिचा मॉनिटर, म्हणजे तिला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, जरा वाढवला की हाऊलिंग, नुसती शिट्टी. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ती दाबून गायली, सूर वर चढला, तिसऱ्या गाण्याला घसा बसला. खाली पोरं म्हणाली, ‘मुलीला झेपत नाही.’ पुढच्या वर्षी तीच मुलगी, तीच गाणी. मी आधीच दोघांचे अँप अर्धे करवून घेतले आणि तिला कानातला मॉनिटर दिला. खाली तीच पोरं, ‘काय सुधारली रे!’ ती सुधारली नव्हती, ती पहिल्या वर्षीही तशीच गात होती. तेव्हापासून गायिकेबद्दलचं कुठलंही मत कानावर आलं की मी आधी विचारते, तिच्या मॉनिटरमध्ये काय चाललं होतं?

आणि ‘मुलीला’ हा शब्द सहज आला नाही. मार्को हिएताला त्याच अल्बमवर ‘मास्टर पॅशन ग्रीड’मध्ये घसा फाडून गातो. गाणं, खरं सांगायचं तर, अल्बममधलं सगळ्यात कंटाळवाणं. सहा मिनिटं नुसता संताप. त्याला कोणी म्हणालं का की पुरुषाला झेपत नाही? १३ गाण्यांपैकी ‘लास्ट ऑफ द वाइल्ड्स’ला शब्दच नाहीत, ‘मास्टर पॅशन ग्रीड’ आणि ‘द आयलंडर’ मार्कोची. तरी अल्बमचा सगळा हिशेब आनेटच्या खात्यावर. बाई समोर उभी असली की यश बँडचं आणि अपयश तिचं, असा काहीतरी अलिखित करार असतो. तार्यालाही तो भोगावा लागला होता, फक्त वेगळ्या रीतीने: तिचं कौतुक करताना लोक गाण्याआधी पेहरावाबद्दल बोलायचे.

आता माझं स्वतःचं मत, मिक्सर बाजूला ठेवून.

‘ईव्हा’ हे आनेटचं गाणं आहे. ते तार्याने गायलं असतं तर मोठं झालं असतं आणि वाया गेलं असतं. एका लहान मुलीची गोष्ट आहे, ती जवळून सांगायला हवी, गाभाऱ्यातून नाही. ‘मेडोज ऑफ हेवन’ तसंच, शेवटी समूहगान चढतं तेव्हा आनेट त्याच्याशी झुंजत नाही, त्यावर तरंगते. ‘अ‍ॅमरँथ’ बद्दल जुने चाहते नाक मुरडतात, पण गुणगुणता येणारं ध्रुवपद बांधणं किती अवघड असतं ते एकदा बांधून बघा म्हणावं. ‘फॉर द हार्ट आय वन्स हॅड’ मला दर वेळी विसरायला होतं. गिटारवाल्या एम्पूचं ‘हूएव्हर ब्रिंग्ज द नाइट’ ठीकठाक.

‘पोएट अँड द पेंड्युलम’ मात्र वेगळं प्रकरण आहे. सुरुवातीला मुलाचा कोवळा आवाज, मग वाद्यांचा डोंगर, मधे समुद्रासारखा शांत भाग, मग पुन्हा वादळ. इथे तुझ्या दुसऱ्या मित्राचं मला पटतं, निम्मं. शांत भागात आनेटशिवाय कोणी नको. वादळात मला तार्या आठवते. हे कबूल करताना मला कसंतरी होतं, पण आठवते. आणि या गाण्यात खरी चूक कोणाची असेल तर ती मोह न आवरलेल्या तुओमासची. एका गळ्याला दोन गळ्यांचं काम दिलं त्याने.

‘तार्या गेली तिथे बँड संपला’ म्हणणाऱ्या पहिल्या मित्राला मी एवढंच विचारेन की ‘वन्स’ शेवटचं कधी ऐकलंस? ‘नीमो’त तार्या स्वतःच ऑपेरापासून बरीच खाली उतरून, साध्या आवाजात गाते. २००४ लाच बँड त्या दिशेला वळला होता. आनेट आली म्हणून वळण आलं नाही, वळण आल्यावर आनेट आली. बँड संपल्याचं म्हणशील तर ‘डार्क पॅशन प्ले’ फिनलंड आणि जर्मनी दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर होता. अर्थात खपावरून गाणं ठरत नाही, हेही मला मान्य. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तार्याचा स्वतःचा ‘माय विंटर स्टॉर्म’ आला. मग तर लोक दोन अल्बम दोन हातात घेऊन कुस्तीच लावायला बसले. तो ऐक. गळा अप्रतिम, आणि सतत वाटत राहतं, हिच्यासाठी लिहिणारा माणूस कुठे गेला? दोघांचंही तेच झालं. एकाकडे लेखणी राहिली, दुसरीकडे गळा गेला.

पुढचं तुला माहीत असेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच आनेट बाहेर पडली आणि नेदरलँड्सची फ्लोर यान्सेन विमानाने येऊन सिअ‍ॅटलमध्ये उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात तिने तार्याच्या काळातलं ‘घोस्ट लव्ह स्कोर’ गायलं आणि जगभर लोक म्हणाले, आता मिळाला तो गळा. फ्लोर दोन्ही घडणींत गाते, ऑपेराची आणि रॉकची, आणि त्या दोन्हींमध्ये जाताना सांधा दिसत नाही. ते खरोखर थोर आहे. पण एक लक्षात घे. फ्लोर आली तोवर सुतक फिटलेलं होतं. सात वर्षं गेली होती. सगळा राग आधीच कोणीतरी अंगावर घेऊन झाला होता. फ्लोरला डोक्यावर घेणाऱ्या मंडळींपैकी कितीजण २००७ मध्ये तिच्याशी नीट वागले असते, याबद्दल मला शंका आहे. आनेटचा अल्बम मग हळूहळू ‘तितका वाईट नव्हता’ झाला, आणि आता तुझ्यासारखी पोरं आधी तोच ऐकतात, कानात काही भूत नसताना. म्हणून तुला तो सरळ आवडला. तुझं मत मला त्या दोघांपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, फक्त ‘पोएट’ आणखी चार वेळा ऐक.

आता तुमच्या गायिकेचं.

तिला आधी विचार, तू कुठल्या पट्टीत गातेस. काळी चार असो, पांढरी पाच असो, ती सांगेल. मग ‘अ‍ॅमरँथ’च्या ध्रुवपदातला सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधा आणि तो तिला रियाजात सहज लागतो का ते पाहा. ‘एकदा लागतो’ याला लागणं म्हणत नाहीत. सलग आठ वेळा लागला पाहिजे. नाही लागला तर गाणं एक किंवा दोन पट्ट्या खाली घ्या आणि दोन्ही गिटारी, बेस तेवढ्याच खाली उतरवा. खाली जायला गिटारला अडचण नसते, वर जायला असते. तारा एक नंबर जाड घाला, नाहीतर सैल पडून भणभणतील. कीबोर्डला तर बटण आहे. गिटारवाले कुरकुरतील, ‘मूळ पट्टीत मजा आहे’ म्हणतील. त्यांना म्हणावं, मूळ पट्टी मूळ गळ्यासाठीसुद्धा नव्हती.

तिच्या दोन सवयी मोडाव्या लागतील. शास्त्रीय गाणारी माणसं माईकपासून वीतभर लांब बसतात आणि आवाज चढला की आणखी मागे सरकतात. मैफलीत ते बरोबर आहे. इथे तसं केलं तर तिच्या माईकमध्ये तिच्यापेक्षा ड्रम्स जास्त येतील. ओठ जाळीला टेकले पाहिजेत. दुसरं, ती कण-मुरक्या घेईल. एखादी घेऊ दे, छान वाटते, पण ध्रुवपदात नको, तिथे स्वर सरळ उभा राहू दे. खटका घ्यायचा मोह झाला तर ओळीच्या शेवटी घे म्हणावं. बाकी तिचा छातीचा भरणा, शब्द फेकण्याची पद्धत, यातलं काहीच बदलू नका. ऑपेरासारखं गायचा प्रयत्न तर अजिबात करू देऊ नका. तेरा दिवसांत सोप्रानो होता येत नाही, घसा मात्र जातो.

मिक्सरवर जो कोणी असेल त्याला सांग की गळ्याचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग काप, गिटारींमधून २५०० ते ३००० च्या आसपास तीन डेसिबल काढ, आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमणं, कमी. सगळे गायिकेला गाभाऱ्यात नेऊन बसवतात, मेटल म्हटलं की. ‘अ‍ॅमरँथ’ला देऊळ नको, खोली हवी.

पहिल्या दोन तालमी ड्रमरशिवाय, एक गिटार आणि ती, एवढ्याच करा. तिसऱ्या तालमीला सगळे. आणि तो जो तुझा पहिला मित्र, ज्याच्या मते बँड २००५ लाच संपला, त्याचा अँप जमिनीवरून उचल आणि खुर्चीवर तिरका करून थेट त्याच्या कानाकडे तोंड करून ठेव. आत्ता तो त्याच्या पोटऱ्यांना ऐकू जातोय. एकदा कानात गेला की आवाज तो आपला आपणच कमी करेल.